यकृताला उसंत हवी
यकृतात, म्हणजेच लिव्हरमध्ये, दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त येते. यकृतातील गाठ काढताना रक्तस्राव आवरण्यासाठी सर्जन येणाऱ्या रक्तवाहिन्यांना चिमटा लावून हा प्रवाह काही वेळ थांबवतात. ग्लासगोचे सर्जन जेम्स प्रिंगल यांनी १९०८ मध्ये ही युक्ती मांडली.

पण प्राणवायूविना पेशी गुदमरू लागतात. आश्चर्य म्हणजे, रक्त परत सुरू झाल्यावर इजा आणखी वाढते. अचानक मिळालेल्या प्राणवायूमुळे घातक द्रव्ये तयार होतात, सूज येते. म्हणून सहसा १५ मिनिटे प्रवाह बंद, ५ मिनिटे सुरू, असे आलटूनपालटून करतात. एवढ्या उसंतीने यकृत अधिक काळ तग धरते.

चरबी साठलेल्या यकृताला मात्र हा ताण फारसा सोसत नाही. घरातल्या रुग्णाला यकृताचा भाग देणाऱ्या दात्याला अनेकदा आधी वजन उतरवायला सांगतात, ते यासाठीच. यकृताची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर मद्य पूर्ण बंद करा. घेत असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रियेतली मिनिटे सर्जन सांभाळतील; त्याआधीचे आठवडे तुमच्या हाती आहेत.