कॉम्प्युटर भंगारात काढण्याआधी एक पेनड्राइव्ह लावून बघा

प्रभादेवी, आगर बाजार, पलीकडे परळ-लालबागपर्यंतच्या मंडळांच्या अभ्यासिका, सोसायट्यांची ऑफिसं आणि छोटी वाचनालयं चालवणाऱ्यांसाठी ही पोस्ट आहे. बाकीच्यांनीही वाचा, कारण पैसा शेवटी आपल्याच वर्गणीतला जातो.

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. मशीन बंद पडलं नाही, दुसऱ्या दिवशीही ते तसंच चालू झालं. पण आता त्यात नवी भगदाडं सापडली तर ती बुजवली जाणार नाहीत. घरगुती वापरासाठी एका वर्षाची मुदतवाढ दिली आहे, त्यानंतर विंडोज ११. आणि अकराला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. आपल्या अभ्यासिकांतली मशीनं बहुतेक त्याआधीची, कुणाच्या तरी निधीतून आलेली, वर नाव रंगवलेली.

आमच्या भागातल्या एका अभ्यासिकेला विक्रेत्याने सरळ सांगितलं, सहाच्या सहा बदला. मशीनमागे चाळीस-पंचेचाळीस हजार. कार्यकारिणीत चर्चा सुरू झाली, की मग तीनच घेऊ, तीन कमी करू. त्या तीन खुर्च्या कोणाच्या? दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात म्हणून जी मुलं तिथे येऊन बसतात, त्यांच्या. एमपीएससीचा, पोलीस भरतीचा फॉर्म ती तिथूनच भरतात. आधार, बँक खातं, पासवर्ड, सगळं त्याच मशीनवर टाकतात. त्यामुळे 'चालतंय ना, चालू दे' हेही उत्तर नाही.

माझं म्हणणं एवढंच, की या मशीनवर लिनक्स टाका. लिनक्स मिंट घ्या किंवा उबुंटू, फुकट आहे.

फुकट म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात. बरोबरच आहे, विंडोज तरी आपण कधी विकत घेतलं? पोरगा येतो, तीनशे रुपये घेतो, क्रॅक मारून जातो. म्हणूनच इतकी वर्षं लिनक्सचं 'फुकट' आपल्याला कधी आकर्षक वाटलं नाही. आता मात्र प्रश्न लायसन्सचा राहिला नाही, धडधाकट हार्डवेअर फेकून देण्याचा आहे. जुगाड करून जुन्या मशीनवर अकरा चढवता येतं, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी नाही असं कंपनी स्वतःच सांगते. उलट लिनक्स मिंट २२ला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट आहेत, आणि ४ जीबी रॅमवर ते व्यवस्थित चालतं. लॅमिंग्टन रोडवरून एक एसएसडी आणून बसवली तर मशीन ओळखूही येणार नाही.

फॉर्म भरणं, पीडीएफ वाचणं, यूट्यूबवरची लेक्चर्स, हे सगळं ब्राउझरमध्ये होतं. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसचे मेनूसुद्धा मराठीतून मिळतात. टायपिंगला इन्स्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे.

खरी गाठ वेगळीच आहे, आणि ती मी पत्रकार म्हणून रोज बघतो. मराठी माणूस विंडोजला बांधलेला नाही, फॉन्टला बांधलेला आहे. श्रीलिपी, आकृती, सरकारी कचेऱ्यांतले सीडॅकचे जुने सुरेख आणि योगेश. हे युनिकोडच्या आधीचे फॉन्ट. त्यात 'क' म्हणून जे दिसतं ते आत कुठलं तरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. फॉन्ट काढला की मजकुराचा कचरा. गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडे आजही पेजमेकर आहे, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ची. लग्नपत्रिका, मंडळाचा अहवाल, स्मरणिका, सगळं त्यात. मंडळाच्या वीस-पंचवीस वर्षांच्या इतिहासाचा असा एक ढीग कुठल्या तरी सीडीवर पडलेला असतो आणि तो गूगललाही सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी ते मराठीच नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला भाषेला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले, पण या फायली युनिकोडमध्ये आणायच्या कोणी? लिनक्सवर जा किंवा जाऊ नका, हे काम कधीतरी करावंच लागणार आहे.

म्हणून डीटीपीवाल्यांना मी लिनक्स घ्या म्हणत नाही. ज्या ऑफिसात टॅली आहे, ई-टेंडरची डिजिटल सही आहे, अंगठ्याचं मशीन जोडलंय, तिथेही एक विंडोज ठेवा, नियमानुसार विकत घेतलेलं. काही जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हरही डोकं खातात. जर्मनीत म्युनिक महापालिकेने २००३मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१७मध्ये परत विंडोजकडे वळायचं ठरवलं, हेही सांगून ठेवतो. नाहीतर कोणीतरी खाली कमेंटमध्ये तेच टाकणार.

पण म्युनिक कशाला, केरळ बघा. तिथल्या सरकारी शाळांत दोन लाखांवर संगणक लिनक्सवर चालतात, मुलं दहावीची आयटीची परीक्षा त्यावर देतात. आपण २००१पासून एमएस-सीआयटी केली, लाखो लोकांना माऊस धरायला शिकवलं, चांगलंच केलं, पण संगणक म्हणजे विंडोज आणि वर्ड हेही त्यातच पक्कं झालं. बॉस नावाचं भारतीय लिनक्स तयार करणाऱ्या सीडॅकचं मुख्यालय पुण्यात. लिनक्स आणि लिबरऑफिसचे मराठीतले स्पोकन ट्युटोरियल पवईच्या आयआयटीचे. केंद्राचं मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण २०१५चं. सगळं हाताशी आहे आणि निधीतून संगणक देताना एकही लोकप्रतिनिधी विचारत नाही, की यावर काय टाकणार आणि पाच वर्षांनी काय करणार. यापुढे उद्घाटनाच्या दिवशीच विचारा.

अभ्यासिकावाल्यांनी लगेच काही पुसून टाकू नका. मिंट पेनड्राइव्हवरून सुरू करून बघता येतं, आतल्या विंडोजला हात लागत नाही. एका मशीनवर दोन-चार दिवस मुलांना वापरू द्या. वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग तपासा. जमलं तर डेटाची कॉपी काढून एकेक मशीन बदला. ज्यांना पेनड्राइव्ह बनवता येत नाही त्यांनी इनबॉक्स करा, ८ जीबीचा रिकामा घेऊन या. रविवारी सकाळी मी मोकळा असतो.