झुलत्या पुलाची निगा

भद्रावतीच्या डोलारा तलावातील प्राचीन पूल आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिला असेलच. पाषाणस्तंभांच्या दोन रांगा, त्यांवर आडव्या शिळा आणि त्यांवरूनच वाट. लांबी सुमारे 136 फूट, रुंदी 7 फूट. तलावाचे नाव डोलारा खरे, पण हा पूल डोलणाऱ्यांपैकी नव्हे! दगड कितीही दाबला तरी सोसतो, परंतु वाकविला की भंगतो; हे जाणूनच त्या कारागिरांनी खांब जवळजवळ उभारिले.

झुलत्या पुलाचा सर्व व्यवहार याच्या उलट असतो. त्यास पात्रात खांबच नाही. दोन्ही तीरांवरील मनोऱ्यांवरून तारांचे जाड दोर नेऊन त्यांची टोके मागे जमिनीत पक्क्या बांधकामात जखडलेली असतात. दोरांपासून सळया लोंबतात, सळयांवर आडव्या तुळया आणि तुळयांवर फळ्या. चालणाऱ्याचा भार फळीकडून तुळईस, तिच्याकडून सळईस, सळईकडून दोरास व शेवटी भूमीस पोहोचतो. येथे दाबापेक्षा ताणाचे राज्य अधिक. आणि या साखळीतील एक दुवा निखळला की बाकीचे कितीही मजबूत असून उपयोग नाही.

पूल लाकडी आहे असे ऐकताच पालकांस धास्ती वाटते. आमच्या मते ही धास्ती चुकीच्या जागी आहे. आलापल्लीच्या सागवानाची ख्याती आम्ही सांगावयास नको. लाकडाला दोष आहेतच. जेथे पाणी मुरून राहते तेथे, म्हणजे सांध्यांत, खिळ्यांखाली आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांशी ते कुजते, वाळवीही लागते. परंतु चाकूचे टोक खुपसले, हातोडीने ठोकून आवाज ऐकला, की बहुधा त्याची परीक्षा होते, आणि खराब फळी तेवढी काढून नवी बसविता येते. तारदोराचे तसे नाही. तो वरून रंगविलेला, चकचकीत आणि आतून गंजाने पोखरलेला असू शकतो.

गुजरातेतील मोरबी येथे हेच घडले. मच्छू नदीवरील एकोणिसाव्या शतकातील तो झुलता पूल डागडुजीनंतर 26 ऑक्टोबर 2022 रोजी लोकांस खुला झाला आणि 30 ऑक्टोबरच्या सायंकाळी कोसळला. 135 माणसे मृत्यू पावली. त्यांत मुले पुष्कळ होती. सरकारी तपास पथकास आढळले की मुख्य दोराच्या 49 तारांपैकी 22 तारा गंजलेल्या होत्या, जुन्या सळयांस नव्या सळया डाग देऊन जोडल्या होत्या, आणि सुट्या लाकडी फळ्या काढून अॅल्युमिनियमची सलग तक्तपोशी घातल्याने पुलाचे स्वतःचेच वजन वाढले होते. भाराची कसोटीही घेतली नव्हती. डोळ्यांस दिसणारे लाकूड बदलले गेले. न दिसणारा दोर मात्र तसाच राहिला!

दोष नेहमी बांधणाऱ्याचाच असतो असेही नव्हे. 15 जून 2025 रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पादचारी पूल पडून चौघे दगावले. धोक्याची पाटी तेथे होती, तरी गर्दी झालीच. विद्यार्थिमित्रहो, झुलत्या पुलावर मुद्दाम उड्या मारून तो हलविण्याची जी हौस तुम्हांस असते, तिचा येथे जरा विचार करा.

आमच्या वनप्रदेशात पावसाळ्यात नाले भरले की कित्येक गावांची वाट बंद पडते. अशा ठिकाणी लहानसा झुलता पूल झाल्यास शाळेच्या मुलांची मोठीच सोय होईल, व तो अवश्य व्हावा असे आम्हांस वाटते. पण उद्घाटनास हार-तुरे जमतात तितक्या सहजतेने निगेचा पैसा जमत नाही. तो आरंभीच बाजूस काढून ठेवावा. मृगापूर्वी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा जाणत्या माणसाकडून तपासणी करवावी; त्या वेळी दोरांची जखडलेली टोके उघडून पाहावी, नुसता रंग देऊन मोकळे होऊ नये. एका वेळी किती माणसांनी जावे हे फलकावर ठळक लिहावे आणि जत्रेच्या दिवशी तेथे कोणी उभा करावा. तपासणीची वही ग्रामपंचायतीत कोणासही पाहता येईल अशी असावी, आणि पालकांनी ती वर्षातून एकदा तरी मागून वाचावी.