बनवता वाटीनं, विकता किलोनं? मग नफा कुठं गळतो ते पाहा!



मागच्या हिवाळ्यात अकोल्याच्या प्रशिक्षणात एका ताईंना विचारलं, "डिंकाच्या लाडवाच्या एका घाण्याला बदाम किती घेता?" म्हणाल्या, "चार वाट्या." वाटी कोणती? "घरचीच, सर. हात बसला हाये माझा, काटा कायले पायजे?"

त्यांच्या हाताच्या चवीबद्दल मला शंका नाही. पण माझं मत स्पष्ट आहे. घरी खायला करता तेव्हा वाटी चालेल. विकायला करता तेव्हा बदाम, काजू, गोडंबी, शेंगदाणे वजनावरच घ्या.

का? कारण वाटीत दाण्यांसोबत मधली पोकळीही मोजली जाते. 240 मिलीच्या मेजरिंग कपात अख्खे बदाम साधारण 143 ग्रॅम बसतात. बदामाचे काप भरले तर 92 ग्रॅमच. अक्रोडाच्या अर्ध्या फोडी 100 ग्रॅम, तुकडे केले तर 117, कारण तुकडे एकमेकांत बसतात. कच्चे शेंगदाणे 146 ग्रॅम. कप तोच, वजन मात्र प्रत्येक वेळी वेगळं.

आता हिशेब करा. कृतीत चार कप काप आहेत, म्हणजे 368 ग्रॅम. घाईत मदतनीस बाईनं चार कप अख्खे बदाम मोजले आणि मग कापले, तर झाले 572 ग्रॅम. 204 ग्रॅम जास्त! बदाम 900 रुपये किलो धरा, एका घाण्यामागं 184 रुपये गेले. दहा घाण्यांत 1,836. लाडवाचा भाव मात्र तोच. उलट चूक झाली तर गिऱ्हाईक म्हणते, "ताई, यावेळी बदाम कमी वाटले." पुढच्या वर्षी ते अमरावतीच्या दुसऱ्या बचत गटाकडं जाते.

देशात मेट्रिक वजनं 1958 पासून टप्प्याटप्प्यानं आली. पायली-शेर जाऊन किराणा किलोवर आला. आपलं स्वयंपाकघर तेवढं वाटीतच राहिलं.

काही जण म्हणतात, काटा आला की हातची चव जाते. मला उलट वाटतं. तुमचा हात फक्त तुमच्याकडं आहे. तुम्ही आजारी पडलात, तर ऑर्डर कोण पूर्ण करणार? वजन लिहिलेली कृती सुनेला देता येते, गटातल्या मैत्रिणीला देता येते.

म्हणून एक दुपार काढा. तुमचीच नेहमीची वाटी घ्या. शीग न लावता सपाट भरा, तीनदा मोजा, सरासरी काढा. अख्खे, काप, भरड, कूट असं प्रत्येकाचं वेगळं लिहा. शेंगदाणे भाजून, सोलून पुन्हा तोला. पाणी आणि सालं गेल्यानं वजन घटतं, आणि ती घटही तुमच्या खर्चातच धरायची असते. तो कागद ओट्यासमोर चिकटवा.

आणि एक लक्षात ठेवा. घरचा छोटा काटा कृतीपुरताच. विक्रीसाठी वैधमापन विभागाचा शिक्का असलेलाच काटा हवा, आणि पाकिटावर निव्वळ वजन छापणं बंधनकारक आहे.

पाकिटावर ग्रॅम लिहिता ना? मग कढईतही ग्रॅमच टाका. या दिवाळीआधी सुरुवात करा!