धर्मादा खाते आणि मुलींचे शिक्षण

आपल्या रविवार पेठेतील पेढ्यांच्या जुन्या खतावण्या चाळल्या, तर बहुतेकींत धर्मादा खाते आढळेल. त्या खात्यावर मंदिरांचे जीर्णोद्धार झाले, पांजरपोळ चालले, धर्मशाळा उभ्या राहिल्या. हे पुण्यकार्य खरेच. तथापि आडतीच्या पट्टीतून धर्मादा कापून घेण्याची जुनी चाल होती. म्हणजे पैसा पुष्कळदा शेतकऱ्याच्या पदरचा असे आणि कीर्ती मात्र आमची होई. बाजार नियमनाच्या कायद्यांनी अशा कपातींना आळा घातला. आता द्यावयाचे ते स्वतःच्या नफ्यातून, आणि ज्यांच्या धान्यावर व ज्यांच्या पाठीवर हा व्यापार उभा राहिला, त्यांच्या मुलींचा वाटा त्यात पहिला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा वाटा केवळ रकमेने फिटत नाही, हे मी चुकून शिकलो. आमच्या दुकानी पोती वाहणाऱ्या एका हमालाच्या मुलीला ती आठवीत असताना मी पुस्तके व गणवेश दिला. समारंभ झाला, छायाचित्रही निघाले. तीन वर्षांनी सहज चौकशी केली तेव्हा कळले की, दहावीस उत्तम गुण मिळूनही तिचे शिक्षण थांबले होते. उत्पन्नाचा दाखला वेळेवर मिळाला नाही आणि वसतिगृहाच्या अर्जाची मुदत टळली, एवढेच कारण! बाप रोज माझ्या डोळ्यांदेखत पोती उतरवीत होता. संकोचाने तो बोलला नाही, आणि मी विचारले नाही. चार हजारांच्या उधारीसाठी आम्ही तीनदा माणूस धाडतो. या मुलीकडे तीन वर्षांत एकदाही कोणी गेले नाही.

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून सरकारच्या साध्या बसगाड्यांतून स्त्रियांना विनामूल्य प्रवास मिळू लागला. भाड्याची अडचण हलकी झाली. अडते ते माहिती आणि धीर यांपाशी. दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे करावा, घरात लग्नाची बोलणी निघाली तर बापाची समजूत कोणी घालावी? हे काम आपल्या घरांतील शिकलेल्या सुना-लेकी आपणांपेक्षा उत्तम करतील. कित्येकींची पदवी आपण कपाटातच ठेवविली आहे, हेही येथे कबूल केलेले बरे.

मुलगी परक्या घरची, तिच्यावर खर्च कशाला, असे म्हणणारे सभासद अद्याप भेटतात. शेठ माणिकचंद हिराचंद यांनी तरुणपणी वैधव्य आलेल्या आपल्या कन्येस, मगनबाईंस, शिकविले. त्यांनीच पुढे मुंबईत श्राविकाश्रम चालवून कित्येक स्त्रियांना आधार दिला. कुंभोजच्या जैन घराण्यात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. त्या मानाने आम्हांस मागितले जाते ते फारच थोडे.

माझी सूचना अशी की, प्रत्येक पेढीने आठवीतील एक मुलगी बारावीपर्यंत पत्करावी, महिन्यातून एकदा घरातील स्त्रीने तिची भेट घ्यावी, आणि छायाचित्र काढू नये. आमच्या सूनबाईंनी येत्या जूनसाठी दोन मुली पत्करल्या आहेत. इतरांनी आपली नावे कार्यवाहांकडे पर्युषणापूर्वी द्यावीत.