घासून काढलेला ‘मूळ’पणा

इंग्लंडात व्हिक्टोरियन काळातले घर विकत घेणाऱ्या मध्यमवर्गीयाचा एक ठरलेला विधी आहे. घर ताब्यात आले की गालिचा उचकटायचा, खालच्या फळ्या उघड्या पाडायच्या, भाड्याने यंत्र आणून त्या पांढऱ्याफटक होईपर्यंत घासायच्या आणि वर पॉलियुरेथेनचे दोनतीन हात द्यायचे. या साऱ्याला नाव काय, तर ‘घराचे मूळ सौंदर्य परत मिळवणे’. माझा आक्षेप या नावाला आहे. कुणाला चकचकीत पिवळी जमीन आवडत असेल तर तो आवडीनिवडीचा प्रश्न झाला; पण तिला ‘मूळ’ म्हटले की प्रश्न इतिहासाचा होतो, आणि तिथे हा दावा साफ खोटा ठरतो.

मुळात ही जमीन दाखवण्यासाठी नव्हतीच. सामान्य व्हिक्टोरियन घरातल्या फळ्या बहुधा बाल्टिक किंवा स्कँडिनेव्हियन प्रदेशातून आलेल्या पाइनच्या. आपल्याकडे ज्याची ‘देवदारी खोकी’ म्हणून बोळवण होते त्या धर्तीचे मऊ, स्वस्त लाकूड. बैठकीच्या खोलीत मध्यभागी गालिच्याचा चौकोन असे. भिंतीलगत उघडी राहणारी पट्टी गडद रंगवून वा व्हार्निश करून तिला भारी लाकडाचा आव आणलेला असे. पुढे १८६०च्या दशकात लिनोलियम आले आणि पुष्कळ घरांत फळ्या त्याखाली गेल्या. नुसती, ब्रशाने खरवडून धुतलेली पाइनची फळी दिसायची ती माळ्यावर, मोलकरणीच्या खोलीत. म्हणजे आजचा घरमालक ज्याला पूर्वजांचे वैभव म्हणतो, ते त्या पूर्वजांनी पाहुण्यांपुढे कधीच उघडे ठेवले नसते! उघड्या पाइनचे हे वेड १९७०च्या दशकातल्या अभिरुचीचे अपत्य आहे. त्यावर एकोणिसाव्या शतकाचा शिक्का मारण्याचे कारण नाही.

बरे, खोटेपणावर भागले असते तरी चालले असते. पण घासणे ही परत न फिरणारी क्रिया आहे. २४ किंवा ४० नंबरच्या जाड पॉलिश पेपरने सुरुवात करून १०० किंवा १२० नंबरपर्यंत येताना लाकडाचा एखाददुसरा मिलिमीटर सहज जातो. ज्या फळ्या एकमेकींच्या खाचेत बसवलेल्या असतात त्यांत खाचेवरचे लाकूड जेमतेम सहासात मिलिमीटर असते. दोनतीन मालकांनी आपापली हौस भागवली की फळीची कड चिरफाळू लागते. किडीने आत पोखरलेले बोगदे वरचा थर गेल्यावर पन्हाळीसारखे उघडे पडतात. जुन्या रंगात शिसे असेल तर त्याची धूळ घरभर होते, ती वेगळीच.

आणि नेमके काय जाते? भिंतीलगतच्या गडद पट्टीची आतली कड, जिच्यावरून गालिचा केवढा होता ते कळते. दारापाशी शेकडो पावलांनी पाडलेला खोलगट भाग. शेगडीसमोरचे ठिणग्यांचे डाग. आधी गॅसच्या नळीसाठी आणि मग विजेच्या तारांसाठी उचलून पुन्हा ठोकलेल्या आखूड फळ्या. त्यांचे खिळेसुद्धा वेगळे असतात. वाचता येणाऱ्याला त्या जमिनीत घराची सव्वाशे वर्षे वाचता येतात. यंत्राला या सगळ्यात फक्त मळ दिसतो.

हा वाद नवा नाही. जुन्या इमारतींच्या ‘जीर्णोद्धारा’ला रस्किनने १८४९मध्येच असत्य म्हटले होते. ट्यूक्सबरीच्या चर्चवर असाच जीर्णोद्धार येऊ घातला तेव्हा विल्यम मॉरिसने मार्च १८७७मध्ये ‘अथिनियम’ला पत्र लिहिले आणि त्याच वर्षी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिला टोपणनाव पडले ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडणे-विरोधी. कारण तेव्हाचे वास्तुविशारद चर्चच्या भिंतींवरचा गिलावा खरवडून ‘खरा’ दगड उघडा पाडत होते. आजच्या घरमालकाच्या भिंतीवर बहुधा मॉरिसच्याच वेलबुट्टीचा कागद असतो, आणि पायाखाली सँडर फिरत असतो. असो.

साहित्य शिकवणाऱ्यांना ही वृत्ती परकी वाटू नये. १९६२च्या लेखननियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. नव्या लेखनासाठी ते योग्यच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकोणिसाव्या शतकातले गद्य पुन्हा छापताना तेच अनुस्वार मळ समजून पुसले जातात तेव्हा काय होते? ‘काम केलें’ आणि ‘प्रयत्न केले’ यांतला नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन हा डोळ्यांना दिसणारा भेद जातो. विद्यार्थ्याच्या हाती पडते ती गुळगुळीत संहिता, आणि प्रस्तावनेत मात्र ‘मूळ ग्रंथ’ असे छापलेले असते. भाषेच्या जमिनीवर फिरवलेला हाही सँडरच.

यावर ठरलेले उत्तर येते: घर राहण्यासाठी असते, ते काही संग्रहालय नव्हे. मान्य. पायात फास शिरत असेल तर तेवढी जागा हाताने घासावी. कुणी फळ्यांवर डांबरी गोंद ओतून ठेवला असेल तर तो काढणेही भाग आहे. पण बहुतेक जमिनींना एवढ्याची गरज नसते. सौम्य साबणाच्या, बेताच्या ओल्या फडक्याने मळ काढावा, वर आलेले खिळे आत ठोकावेत, कुजलेली फळी तेवढी त्याच जातीच्या जुन्या फळीने बदलावी, आणि मेण लावून कापडाने घोटावे. जमीन पिवळी दिसणार नाही. तपकिरी दिसेल, कडेला काळपट. दारापाशी पाऊल अजूनही किंचित खाली जाईल.