ठळक अक्षर, शुद्ध अक्षर



एका स्नेहसंमेलनाच्या समारोपात, जेवण रांधणाऱ्या आचाऱ्यांचा सत्कार आम्ही ठेवला होता. ऐन वेळी फ्लेक्स आला. त्यावर हातभर अक्षरांत छापले होते, ‘आचार्यांचा सत्कार’! नारळ घ्यायला आता आम्हा शिक्षकांनीच पुढे व्हावे की काय, असा प्रश्न पडला. सगळे पोट धरून हसले. मसुद्यात शब्द बरोबर होता, पण निवडलेल्या जाड फॉन्टमध्ये मराठीचा ‘ऱ्या’ नव्हता, म्हणून रफार देऊन काम भागवले गेले. छापण्याआधी नमुना पाहायला हवा होता, तो आम्हीही पाहिला नाही.

हा प्रसंग आज सांगण्याचे कारण असे की, शाळेच्या प्रवेशद्वारावरील फलक नवा करण्याचा विचार विश्वस्त मंडळापुढे आहे. ‘अक्षर जाड आणि मोठे असावे, लांबून दिसावे,’ अशी सर्वांची सूचना आहे. सूचना योग्यच आहे. पण दिसणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे, एवढे आम्हास सुचवावेसे वाटते.

बोरूने लिहिताना तिरप्या कापामुळे रेघ कुठे जाड, कुठे बारीक उमटते. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांत हाच डौल होता. आधुनिक वळणात मात्र रेघ सगळीकडे जवळपास सारख्या जाडीची असते. इंग्रजीत अशा वळणाला ‘सॅन्स सेरिफ’ म्हणतात, म्हणजे टोकांना शेपट्या नसलेले अक्षर. देवनागरीला तशा शेपट्या नव्हत्याच, त्यामुळे आपल्याकडे मुख्य फरक रेघेच्या जाडीचा.

रेघ जाड केली की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा कमी होते. ‘क्ष’ आणि ‘ष’ बुजतात. शिरोरेषेतली छोटी फट बुजली की ‘भात’चा ‘मात’ आणि ‘धार’ची ‘घार’ होते. आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला अशी आख्यायिका आहे. आमचा फ्लेक्स ‘ध’चा ‘घ’ करतो, तोही कोणाचे वाईट न चिंतता! म्हणून चांगला अक्षररचनाकार बारीक अक्षर नुसते फुगवत नाही. सांध्यांपाशी रेघ थोडी बारीक करून, पोट मोकळे ठेवून, तो प्रत्येक अक्षर नव्याने घडवतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट बारीकपासून अतिजाडपर्यंत सात जाडींत आहे आणि तो विनामूल्य मिळतो.

दुसरी गोष्ट वळणाची. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. फळ्यावर आम्ही दंडाचा ‘ल’ काढला की मुले म्हणत, ‘सर, हा आपला ल नाही.’ मुलांचे बरोबर होते. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ सांगितला आहे. हिंदी वळण चुकीचे नव्हे, ते हिंदीचे आहे. पण मराठी शाळेच्या दारावर मराठी वळण असावे, हे सांगायला हिंदीत शिकलेल्या आम्हाला संकोच वाटत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या सीमाभागाची. आपल्या फलकावर कन्नड आणि मराठी शेजारी शेजारी नांदतात. कर्नाटकात २०२४ मध्ये झालेल्या कायद्यातील दुरुस्तीनुसार फलकाचा ६० टक्के भाग कन्नडसाठी ठेवावा लागतो. जागा कमी मिळाली म्हणून अक्षरे दाटीवाटीने कोंबली, तर नुकसान आपलेच. उरलेल्या जागेत मराठी नेटकी आणि निर्दोष दिसली, तर तिचा मान राहील.

दोन्ही लिपी एकमेकींना शोभतील, असेही करता येते. संगणकावरील देवनागरीचा ‘मंगल’ आणि कन्नडचा ‘तुंगा’ हे दोन्ही फॉन्ट आयआयटी मुंबईत शिकवलेल्या कै. र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली घडले. ‘एक टाइप’चा गुबगुबीत, ठळक ‘बालू’ तर नऊ भारतीय लिपींत आहे. त्यातील कन्नड भावंडाचे नाव ‘बालू तम्मा’. कन्नडमध्ये तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे निपाणी-बेळगावच्या मुलांना सांगायला नको. फलकासाठी अशी जोडी निवडावी, असे आमचे मत आहे. मात्र असे जाड अक्षर मथळ्यालाच शोभते. अख्खी सूचना किंवा प्रश्नपत्रिका जाड अक्षरात छापली, तर महत्त्वाचे काय तेच कळत नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक काम. कोणताही ठळक फॉन्ट घेऊन ‘दुसऱ्या शाळेला भेट’, ‘धार आणि घार’, ‘क्षमा’ ही अक्षरे कागदावर छापा. कागद फळ्यावर लावा आणि शेवटच्या बाकावरून वाचा. घरी आजी-आजोबांनाही चष्मा न लावता वाचायला सांगा. कोणते अक्षर अडले ते वहीत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. ही टिपणे आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवू. या वेळी नमुना सर्वांनी पाहिल्याशिवाय फलक छापायला जाणार नाही, याची हमी आम्ही देतो.