वजन उचलण्याविषयी



या खेपेला घरच्या वाय-फायबद्दल लिहायचे कबूल केले होते, ते पुढच्या वेळी. मध्ये गणपतीत मंडळाच्या हॉलवर तीन-चार जणांनी विचारले, "काय रे, यंदा नुसताच उभा?" त्यांना "पाठ धरली आहे" एवढे सांगून मोकळा झालो. टेबले लावायची गडबड चालू असताना, मोदकांचे ट्रे डोक्यावरून जात असताना, "माझे आतडे पोटाबाहेर येते" हे सांगायला तिथे ना जागा असते ना वेळ. इथे दोन्ही आहे, तेव्हा आज तेच. जेवता जेवता वाचत असाल तर नंतर वाचा, ही मनापासून विनंती.

आधी थोडी पार्श्वभूमी. जानेवारी २०२५ मध्ये माझे आतडे तुंबले. कारण निघाले गुदाशयातली गाठ, आणि गाठ निघाली कर्करोगाची. वय ३७. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन, आज तो विषय नाही. त्या रात्री सर्जनने काय केले, तर मोठ्या आतड्याचा जो भाग पोटात आडवा जातो त्याचा एक पीळ पोटाच्या उजव्या बाजूने बाहेर काढला आणि तिथे त्याला तोंड करून दिले. याला लूप कोलोस्टॉमी म्हणतात, आणि त्या तोंडाला स्टोमा. ग्रीक भाषेत स्टोमा म्हणजे तोंडच. पुढची लाइन चोक-अप झाली की प्लंबर अलीकडेच पाइप कापून पाणी बाहेर काढून देतो, तसलाच प्रकार. त्यावर पिशवी चिकटवायची, मळ तिच्यात जमा होतो, भरली की रिकामी करायची. दीड-दोन महिन्यांत सवय झाली. ऑफिसात कोणाला कळलेसुद्धा नाही.

मग आला मे महिना. लेकीने डे-केअरमधून सर्दी आणली, ती मला लागली, आणि केमो चालू असल्यामुळे खोकला तीन आठवडे मुक्कामाला राहिला. एके दिवशी सकाळी आंघोळीच्या आधी पाहिले, तर एरवी बटणाएवढा असणारा स्टोमा चांगला चार-पाच इंच लांब होऊन लोंबत होता.

याचे नाव प्रोलॅप्स. शर्ट घाईघाईने काढताना बाही कशी उलटी होऊन बाहेर येते, तसे आतडे स्वतःतूनच उलटे होऊन पोटाबाहेर येते. आडव्या आतड्याच्या लूपमध्ये हे जास्त होते. तिथे पोटाच्या स्नायूंत पाडलेले भोक तुलनेने मोठे असते, आणि आतड्याचा तो भाग पोटात सैलच असतो. आतून दाब आला की वाट मिळते तिकडे सरकतो. दिसायला भयंकर, पण दुखत नाही. आतड्याला चिमटा काढला किंवा कापले तरी कळत नाही, तशा मज्जातंतूंची सोयच तिथे नाही. हे ऐकायला बरे वाटते, पण पँटचा पट्टा घासून जखम झाली तरी आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून रोज डोळ्यांनीच पाहावे लागते. रंग ओठांच्या आतल्या बाजूसारखा गुलाबी-लाल असला, की ठीक. जांभळट, काळपट व्हायला लागला, किंवा पिशवीत काहीच येईनासे झाले आणि पोट दुखून उलट्या सुरू झाल्या, की थेट इमर्जन्सी. रात्र असो, दिवाळी असो, प्रॉडक्शन रिलीज असो.

आमच्या नर्सबाईंनी (स्टोमाच्या खास नर्स असतात इथे, आणि सर्जनपेक्षा त्यांचा नंबर फोनमध्ये वर ठेवावा) तो आत कसा घालायचा ते शिकवले. उताणे पडायचे, पोट सैल सोडायचे, दहा मिनिटे काहीच करायचे नाही. पुष्कळदा तो आपला आपण आत जातो. नाहीच गेला तर तळव्याने हलका, सावकाश दाब. पिशवीही बदलली. आधीच्या पिशवीला प्लॅस्टिकची कडक रिंग होती, ती आतड्याला काचते. त्याऐवजी मऊ, एकसंध, मोठी आणि पारदर्शक पिशवी आली. पारदर्शक अशासाठी, की रंग दिसावा. चिकटणाऱ्या भागाचे भोक कापताना आतडे बाहेर असतानाचे माप घ्यायचे, आणि कडेने बारीक चिरा द्यायच्या, म्हणजे ते फुगले तरी गळफास बसत नाही.

तरी जूनमध्ये एका रात्री तो आत जाईना. सुजून वांग्याएवढा झाला. रंग लाल होता, तेवढाच दिलासा. आम्ही इमर्जन्सीत. सर्जन सरळ म्हणाला, की आत गेला नाही तर आज ऑपरेशन करावे लागेल, आणि ते केले तर केमो काही आठवडे थांबेल. बायको आणि मी एकमेकांकडे पाहिले. केमो थांबणे म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होते, बोलायची गरज नव्हती.

मग त्याने नर्सला सांगितले, "साखर आण."

आम्हाला वाटले, चहा मागवतोय. तर खरोखरच कॉफी मशीनजवळच्या कागदी पुड्या आल्या, मूठ-मूठभर. बायको आणि नर्स दोघी मिळून पुड्या फाडताहेत आणि सर्जन माझ्या आतड्यावर साखर पेरतोय, असे ते दृश्य. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते ना, तोच नियम: साखर सुजेतले पाणी बाहेर ओढून घेते, आतडे आकसते. अर्ध्या तासाने त्याने हलक्या हाताने दाबले आणि सगळे आत गेले. रात्री दोन वाजता त्या खोलीत आम्ही चौघे हसत होतो. मी पोट धरून, अर्थात.

(हा प्रयोग घरी स्वतःच्या बुद्धीने करू नये. रंग बिघडला असेल तर साखर शिंपडत वेळ घालवणे महागात पडते. काय करायचे ते डॉक्टर किंवा नर्सला विचारून.)

ऑपरेशन टळले, केमो वेळेवर पूर्ण झाली. आता मुख्य ऑपरेशन नोव्हेंबरात आहे, आणि तोवर एकच काम: पोटावर जोर येऊ द्यायचा नाही. कागदावर लिहून मिळाले, दहा पौंडांच्या वर काही उचलायचे नाही. म्हणजे साडेचार किलो. दुधाचा गॅलन ८.६ पौंड, तो चालतो. तांदळाची वीस पौंडांची पिशवी चालत नाही. आमची चार वर्षांची लेक मुळीच चालत नाही.

इंजिनियरला नुसता आकडा दिला की झोप लागत नाही. दहाच का? म्हणून शोधले. २००५ मध्ये अमेरिकेत काही सर्जन मंडळींनी वीस तरुण, धडधाकट माणसांच्या पोटातला दाब मोजला होता. स्वस्थ बसलेले असताना सरासरी सुमारे १७ मिलिमीटर पारा, उभे असताना २०. खोकताना १०८. जागच्या जागी उडी मारताना १७१. आणि दहा पौंडांचे वजन उचलताना? दाब फारसा वाढलाच नव्हता.

आता ही सगळी पोटे भोक नसलेली होती, त्यामुळे माझी मर्यादा यातून सुटत नाही, आणि तसा अर्थ कोणी काढू नये. पण मला त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. आपण "जड उचलू नकोस" एवढेच धरून बसतो, आणि वजनकाट्यावर न दिसणारे दाब विसरतो. खोकला, शिंक, झटका, आणि सगळ्यात लबाड म्हणजे दम कोंडून जोर लावणे. घट्ट बसलेले बरणीचे झाकण उघडताना आपण श्वास रोखतो. अडकलेली खिडकी वर ढकलताना रोखतो. पलंगावरून सरळ उठून बसताना तर हमखास. माझा स्टोमा वजनाने कमी आणि या असल्या गोष्टींनी जास्त बाहेर आला आहे, हे मी दोन महिने वहीत लिहून पाहिले. एकदा तर नुसती सॉक्स घालायला वाकल्यावर.

मग सवयी बदलल्या. उठताना आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे, हाताच्या टेकूने उठायचे. खोकला-शिंक आली की तळहात किंवा छोटी उशी स्टोमावर धरायची. गाडीत सीट-बेल्टच्या आणि पोटाच्या मध्येही तीच उशी. आधाराचा बेल्ट मिळतो, तो सकाळी झोपूनच बांधायचा, आतडे आत असताना. बाहेर असताना बांधला तर फायद्याऐवजी तोटा. जे काही उचलायचे ते श्वास सोडता सोडता. चालणे मात्र रोज तीन मैल, न चुकता, कारण नुसते पडून राहिले की पोटाचे स्नायू आणखी ढिले पडतात.

आपल्या लोकांचे प्रेम हा वेगळाच धोका. ज्यांना ज्यांना कळले, त्यांतल्या निम्म्या लोकांनी कपालभाती सुचवली. "रोज पाचशे स्ट्रोक, बघ कसा फरक पडतो ते." फरक नक्की पडेल हो! कपालभाती म्हणजे पोटाला मिनिटाला पन्नास-साठ हिसके. नर्सबाईंना करून दाखवली, तर त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. सूर्यनमस्कार, नौकासन, तेही सध्या बंद. पूजेला जमिनीवर बसलो तर उठताना दोघांचे हात लागतात, म्हणून खुर्ची. साष्टांग नमस्काराऐवजी उभ्यानेच हात जोडतो. देवाची काही तक्रार नाही, सासूबाईंची थोडी आहे.

ऑफिसचे सोपे गेले. मी डेटा सेंटरमध्ये असतो, सर्व्हर रॅकवर चढवणे कामाचा भाग. डॉक्टरांचे पत्र दिले, एचआरने दोन प्रश्न विचारले, आणि आता मी लॅपटॉप घेऊन शेजारी उभा राहतो, सर्व्हर दुसरे उचलतात. या देशात कागद असला की कोणी पुढे विचारत नाही.

आपल्या माणसांत कागद चालत नाही, तिथे अवघड जाते. जुलैत आई आली. न्यूअर्कला सामानाच्या पट्ट्यावर तिच्या दोन बॅगा, प्रत्येकी बरोब्बर तेवीस किलो. (आईचा काटा विमान कंपनीपेक्षा अचूक आहे.) पट्ट्यावरून फिरती बॅग ओढणे म्हणजे वजन, पीळ आणि झटका, तिन्ही एकदम. मी हात मागे बांधून उभा, आणि अडुसष्ट वर्षांची बाई बॅगेच्या हँडलला हात घालतेय. आजूबाजूच्या आपल्याच लोकांच्या नजरा मला पाठीवर जाणवत होत्या. मी शेजारच्या एका सरदारजींना म्हटले, "माझे पोटाचे ऑपरेशन झाले आहे, या दोन बॅगा काढून देता का?" त्यांनी एकेका हाताने काढल्या आणि ट्रॉलीवर ठेवल्या. एवढेच. चार सेकंदांचे काम.

आई गाडीत बसल्यावर म्हणाली, "मला काढता आल्या असत्या." मग थोड्या वेळाने, "तुझे बाबा हर्नियाचा पट्टा सदऱ्याच्या आत बांधून दहा वर्षे गोणी उचलत होते. कोणाला सांगितले नाही." हे मला आजवर माहीत नव्हते. बाबांचा तो पट्टा मी लहानपणी दोरीवर वाळत घातलेला पाहिलेला आहे, कमरेचा असेल असे वाटायचे.

लेकीचे मात्र तिनेच ठरवून टाकले आहे. "बाबा, कडेवर" हे तिने मे महिन्यापासून सोडले. आता मी सोफ्यावर बसतो, ती बाजूने चढून डाव्या मांडीवर येते, आणि बसण्याआधी विचारते, "तो आत आहे का बाहेर?" तिच्या डे-केअरमध्ये तिने हे कोणाकोणाला सांगितले आहे, देव जाणे. नोव्हेंबरच्या ऑपरेशननंतरही पिशवी काही महिने राहील, खालचा जोड नीट भरेपर्यंत. स्टोमा बंद केला की प्रोलॅप्सचाही प्रश्न संपेल, म्हणून नुसत्या प्रोलॅप्ससाठी वेगळे ऑपरेशन करायचे नाही, असे सर्जनचे मत. नुसता दुरुस्त केलेला प्रोलॅप्स पुन्हा बाहेर येतो, असा अनुभव आहे म्हणे.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी, इथे किंवा देशात, कोणाला पिशवी असेल तर एक सांगतो. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, इथे युनायटेड ऑस्टॉमी असोसिएशन्स ऑफ अमेरिका. दोन्हीकडे स्वतः पिशवी वापरणारी माणसे भेटतात, आणि बेल्ट कुठला घ्यावा, विमानात काय करावे, हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही. मलाही जरूर लिहा. फोन केलात तरी चालेल, फक्त विनोद सांगायचा असेल तर आधी सूचना द्या. हसायचे म्हणजे एक हात पोटावर लागतो, आणि फोन खाली ठेवायला वेळ द्यावा लागतो.